भिंत त्यांच्या हाती देताना: निरनिराळ्या पार्श्वभूमीच्या तरुणांसोबत सामुदायिक कलादालनात प्रकल्प कसा उभारावा

पंधरा वर्षांचा तो मुलगा दालनात शिरला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. पहिला तासभर ते सुटलेच नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "काही पडलं-तुटलं तर माझ्यावरच येईल." त्याला तिथे कोणी एक शब्दही बोललं नव्हतं. पण आजवर ज्या नजरेने लोक त्याच्याकडे पाहत आले होते, ती त्याने दारातच ओळखली होती. नवव्या आठवड्यात हाच मुलगा शिडीवर उभा राहून मला सांगत होता, "ते डावीकडचं दोन बोटं खाली घ्या." मधल्या आठवड्यांत काय करावं लागतं आणि काय टाळावं लागतं, ते इथे क्रमाने लिहितो.

तरुणांना दालनात आणणं फार अवघड नसतं. बस ठरवली, दुपारचा कार्यक्रम ठेवला की तीस जण येतात, फोटो निघतात, अहवाल सजतो. खरी कसोटी असते ती त्यांना ठरवू देण्याची. भिंतीवर काय लागेल, कोणत्या शब्दांत लागेल, कोणाच्या नावाने लागेल हे ठरवण्यात त्यांचा वाटा नसेल, तर रंग कितीही खर्ची पडले तरी प्रकल्प दालनाचाच राहतो.

आधी कागद करा: कोण काय ठरवणार

मुलांच्या सहभागाबद्दल रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मांडलेली आठ पायऱ्यांची शिडी या क्षेत्रात आजही वापरली जाते. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना हवं तसं वापरून घेणं, शोभेपुरतं उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. या तिन्हींना हार्ट सहभाग मानतच नाहीत. आपला प्रकल्प कुठल्या पायरीवर आहे, हे पैसे मागण्याच्या आधी स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. प्रत्येक प्रकल्प सर्वांत वरच्या पायरीवर असायलाच हवा असं नाही. पण खालच्या पायरीवर उभं राहून वरच्या पायरीची भाषा बोलू नका.

हे मी एका चुकीतून शिकलो. गटाला मी सांगितलं होतं की भिंतींचा रंग तुम्हीच निवडा. त्यांनी दोन सत्रं खर्ची घालून, नमुन्याचे पट्टे रंगवून, वाद घालून गडद निळा निवडला. मग कळलं की दालनाच्या व्यवस्थापनाने पांढरा रंग महिनाभर आधीच पक्का केला होता आणि मी ते विचारून घेतलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात चौदापैकी सहाच जण आले. जे आले नाहीत त्यांची काही तक्रार नव्हती. त्यांना हे अपेक्षितच होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

तेव्हापासून मी पहिल्या सत्राआधी एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखतो. पहिल्यात जे आधीच ठरलं आहे ते: तारखा, एकूण रक्कम, आगीचे आणि सुरक्षेचे नियम. दुसऱ्यात जे आपण मिळून ठरवू ते: कलाकार कोण, साहित्य कोणतं, उद्घाटन कसं. तिसऱ्यात जे फक्त गट ठरवेल: विषय, मांडणी, शीर्षक, माहितीपट्ट्यांचा मजकूर. दालनाच्या प्रमुखांची त्यावर सही घेतो आणि कागद प्रकल्प संपेपर्यंत भिंतीवर राहतो. तिसरा रकाना रिकामा राहत असेल तर प्रकल्प सुरू करू नका. चित्रकलेचं शिबिर घ्या आणि त्याला शिबिरच म्हणा.

दालनाचं मन वळवायला आधार हवा असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात तो आहे. कलम १२ मुलांना स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताला योग्य वजन मिळण्याचा हक्क देतं. कलम ३१ सांस्कृतिक जीवनात आणि कलेत मोकळेपणाने भाग घेण्याचा.

गट जमवणं

पत्रक लावून अर्ज मागवले की जे आधीपासून दालनात येतात त्यांचीच मुलं येतात. म्हणून उलट दिशेने जा. ज्यांच्यावर तरुणांचा आधीच विश्वास आहे अशी माणसं शोधा: मैदानावरचा प्रशिक्षक, वाचनालयातली बाई, वसतिगृहाचा अधीक्षक, स्थलांतरित कुटुंबांत काम करणारा कार्यकर्ता, अपंग मुलांच्या पालकांचा गट. त्यांच्याकडे एकदा जाऊन भागत नाही. दोन-तीन वेळा जा, पहिल्या भेटीत काहीही मागू नका.

चित्रं मागवून निवड करू नका. ज्याच्या घरी रंग आहेत आणि ज्याच्या घरी नाहीत, त्यांना एकाच मापाने मोजण्यासारखं आहे ते. "मला यायचं आहे" एवढी पात्रता पुरे.

एका पार्श्वभूमीचा एकच जण, असा नमुन्यादाखल गट बांधू नका. एकटी कर्णबधिर मुलगी, एकटा निर्वासित मुलगा यांच्यावर आपोआप साऱ्या समाजाच्या वतीने बोलण्याचं ओझं येतं. निदान दोघं-तिघं असावेत, म्हणजे ती एकमेकांशी असहमतही होऊ शकतात. मला बारा ते पंधरा जणांचा गट आणि तीन मोठी माणसं हे प्रमाण चांगलं वाटतं. सुरुवात अठरा-वीस जणांनी केली तरी काही गळतातच.

मग येतो तो प्रश्न, जो सगळ्यात कमी विचारला जातो: ज्यांना यायचं आहे त्यांना का येता येत नाही? कोणी संध्याकाळी कामाला जातं, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळतं, कोणाकडे परतीच्या भाड्याचे पैसे नसतात, कोणाच्या घरी अंधार पडल्यावर बाहेर राहण्याची परवानगी नसते. यावरचे उपाय साधे आहेत, फक्त ते अंदाजपत्रकात आधी लिहिलेले असावे लागतात. प्रवासखर्च त्याच दिवशी रोख द्या, पावत्या गोळा करून महिन्याने नको. पोटभर खाणं द्या, कारण अनेक जण शाळेतून किंवा कामावरून थेट येतात. भावंडाला सोबत आणायची मुभा द्या आणि त्याच्यासाठी एक कोपरा ठेवा. शक्य असेल तर मानधन द्या. कमाई बुडवून येणाऱ्याला "अनुभव मिळेल" हे सांगणं अन्यायाचं आहे. कलासाहित्याचा खर्च एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे जाऊ लागला, की माझ्या अनुभवात माणसांवरचा खर्च कुठेतरी कापला गेलेला असतो.

प्रवेशाचा फॉर्म एका पानाचा ठेवा. त्यात आजार, अपंगत्व, उत्पन्न असे रकाने भरून घेण्याऐवजी एकच प्रश्न मोकळा विचारा: "तुला इथे नीट काम करता यावं म्हणून आम्ही काय करायला हवं?" उत्तरं नेमकी येतात. "मला मागे बसू द्या." "आवाज फार झाला की बाहेर जायची परवानगी हवी." "मला वाचायला वेळ लागतो." आणि जाहिरातीत या गटाचं वर्णन "वंचित" किंवा "समस्याग्रस्त" असं करू नका. ते पत्रक ती मुलंही वाचतात.

सुरक्षिततेचे नियम

हे थोडक्यात लिहितो, पण यात तडजोड नाही. कोणतंही मोठं माणूस कोणा एका मुलासोबत बंद खोलीत एकटं असणार नाही. काम करणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासलेली असेल. अल्पवयीनांसाठी पालकांचं संमतीपत्र लागेलच, पण मुलाची स्वतःची संमतीही वेगळी घ्या. फोटोची संमती सहभागाच्या संमतीत मिसळू नका. "फोटो नको" म्हणणाऱ्यालाही तितक्याच आनंदाने काम करता आलं पाहिजे. काही मुलांचा ठावठिकाणा उघड होणं त्यांच्यासाठी धोक्याचं असतं आणि ते तुम्हाला कोणी सांगेलच असं नाही. एखाद्याने घरचं काही गंभीर सांगितलं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. कोणाला सांगावं लागेल ते त्याला तिथेच सांगा. ही जबाबदारी असलेल्या एका व्यक्तीचं नाव पहिल्याच दिवशी सगळ्यांना माहीत हवं.

पहिली तीन सत्रं

संग्रहालयांच्या क्षेत्रात एक शब्दप्रयोग आहे: उंबरठ्याची भीती. दार उघडं असतं, शुल्कही नसतं, तरी माणूस आत येत नाही. ती भीती घालवायला पहिलं सत्र दालन लोकांसाठी बंद असताना घ्या. दारावरच्या सुरक्षारक्षकाची ओळख नावाने करून द्या आणि त्यालाही या मुलांची नावं कळू द्या. पुढचे तीन महिने गट त्याच्या समोरून ये-जा करणार आहे. एक जरी मुलगा दारात अडवला गेला तर तुमचं सगळं स्वागत वाया जातं.

मग त्यांना मागची बाजू दाखवा. कोठार, पॅकिंगची खोकी, चित्राच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या, भिंतीतली जुनी भोकं. हात पाठीमागे धरणारा तो मुलगा कोठारातच पहिल्यांदा बोलला. एका चित्राची मागची बाजू बघून त्याने विचारलं, "हे खिळे कोणी ठोकले?" चित्र म्हणजे कोणीतरी हाताने केलेली वस्तू आहे, हे मागून जितकं दिसतं तितकं पुढून दिसत नाही.

चित्रं पाहताना व्याख्यान देऊ नका. संग्रहालय-शिक्षक फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत तीनच प्रश्न असतात. या चित्रात काय चाललं आहे? असं वाटावं असं तुला काय दिसलं? आणखी काय सापडतं? प्रत्येक उत्तर चित्रात बोट दाखवून पुन्हा सांगायचं, बरोबर-चूक म्हणायचं नाही. एका चित्राला पंधरा-वीस मिनिटं द्या. गटातल्या भाषा वेगवेगळ्या असतील तर आपापल्या भाषेत बोलू द्या आणि कोणीतरी भाषांतर करू द्या. त्याने वेग मंदावतो आणि ते चांगलंच आहे, कारण मग शांत मुलांनाही सापडायला वेळ मिळतो.

दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात हात काळे होऊ द्या. मी कोळशापासून सुरू करतो. कागद पूर्ण काळा करायचा आणि खोडरबराने उजेड काढायचा. "मला चित्र काढता येत नाही" म्हणणारा आणि आठ वर्षं शिकलेला, दोघंही इथे जवळजवळ सारखेच नवखे असतात. शब्दांत सूचना देण्याआधी स्वतः करून दाखवा, भाषेचा अडसर निम्मा होतो.

विषय निघतो कसा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बारा आठवड्यांपैकी तीन गेले तरी चालतील.

सर्वांत मोठा मोह असतो तो दुःखाच्या गोष्टी मागण्याचा. निर्वासित मुलाने प्रवास सांगावा, अपंग मुलीने संघर्ष सांगावा, असं दालनाला आणि देणगीदाराला मनातून वाटत असतं. मुलांना ते चटकन कळतं आणि काही जण ते द्यायलाही शिकतात. एका मुलीने मला सरळ विचारलं होतं, "मला फक्त कबुतरं काढायची आहेत, चालेल का?" कबुतरं चाललीच पाहिजेत. प्रत्येकाला घरून एक वस्तू आणायला सांगा आणि तिच्याबद्दल जितकं सांगावंसं वाटेल तितकंच सांगू द्या. चाव्या, तुटलेलं घड्याळ, बसचा पास, आजीचा चष्मा. त्या टेबलावरून विषय हळूहळू वर येतो.

मजकुरावरून चित्राकडे जाण्याचाही मार्ग आहे. कलाकार-शिक्षक टिम रॉलिन्स यांनी १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये शाळेतल्या मुलांसोबत असं काम केलं. एक जण मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकता ऐकता काढायचे आणि पुस्तकाची पानंच चित्राची पार्श्वभूमी व्हायची. अनेक मुलांना वाचनात अडचण होती, तरी या गटाची चित्रं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहापर्यंत पोहोचली.

इतिहास हाही विषय होऊ शकतो. लॉस एंजलिसमध्ये भित्तिचित्रकार ज्युडी बाका यांनी १९७६च्या उन्हाळ्यात एका पूरनियंत्रण कालव्याच्या भिंतीवर काम सुरू केलं, ते १९८३पर्यंत वेगवेगळ्या उन्हाळ्यांत चाललं. २,७५४ फूट लांबीचं हे भित्तिचित्र ४०० हून अधिक तरुणांच्या हातून झालं. त्यांत कायद्याच्या कचाट्यात सापडलेली मुलंही होती आणि एकमेकांशी कधी न बोललेल्या वस्त्यांतलीही. कलाकारांसोबत इतिहासकारही नेमले होते, म्हणजे रंगवण्याआधी शोधणं होतं. आपल्या भिंतीची लांबी वीस फूट असली तरी हे अनुकरण करण्यासारखं आहे.

निर्णय घेताना हात वर करवून मतदान घेऊ नका, धिटुकली मुलं जिंकतात. प्रत्येकाने कार्डावर लिहावं, कार्डं भिंतीवर लावावीत आणि प्रत्येकाला तीन ठिपके चिकटवायला द्यावेत. मग सर्वांत कमी ठिपके मिळालेल्या कार्डाबद्दल आधी बोला. बऱ्याचदा नवं काही तिथेच असतं. वाद होतील, एखाद्याचं चिन्ह दुसऱ्याला दुखावेल. तेव्हा घाईने मधला मार्ग काढून देऊ नका, दोघांना पूर्ण बोलू द्या. मात्र कोणाच्या अस्तित्वाचाच अपमान होत असेल तर तिथे मोठ्या माणसाने थांबवायचं असतं. हा नियम पहिल्या दिवशी गटाने स्वतः लिहिलेला असेल तर थांबवणं सोपं जातं.

प्रत्यक्ष काम

मोठं चित्र भिंतीवर नेण्यासाठी चौकटींची पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची. आराखड्यावर ५ सेंटीमीटरचे चौकोन, भिंतीवर ५० सेंटीमीटरचे, म्हणजे दहापट. प्रत्येकाने एक-दोन चौकोनांची जबाबदारी घ्यावी आणि कडेला शेजाऱ्याशी जुळवून घ्यावं. शिडीवर चढणं किंवा उन्हात उभं राहणं ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी फिलाडेल्फियाच्या भित्तिचित्र चळवळीने रुळवलेला मार्ग आहे: न विणलेल्या पातळ कापडाच्या तुकड्यांवर टेबलाशी बसून ॲक्रिलिकने रंगवायचं आणि नंतर ते तुकडे भिंतीला चिकटवायचे. त्यामुळे चाकाच्या खुर्चीतली मुलं, रुग्णालयातली मुलं, फक्त रविवारी येऊ शकणारी मुलं, सगळ्यांचा हात एकाच चित्रात लागतो.

ॲक्रिलिक अर्ध्या तासात वाळतो, पाण्याने साफ होतो, म्हणून गटासाठी बरा. कपड्यांवर पडला तर ओला असतानाच धुवायला लावा आणि जुने शर्ट ढीगभर ठेवा. एकुलते एक चांगले कपडे खराब झाल्याने मूल येणं थांबवतं, हे मी पाहिलं आहे. स्प्रे वापरणार असाल तर उघड्यावर आणि वाफा अडवणाऱ्या फिल्टरच्या मास्कसह. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही.

काढण्याखेरीजची कामं तितक्याच मानाने वाटा. एका मुलीने चार सत्रं ब्रशला हातच लावला नाही. पाचव्या सत्रात तिने कोपऱ्यातली टेप उचलली आणि सगळ्या भिंती मोजल्या. वहीत आकृती काढून दाखवलं की आमचं मधलं चित्र दिव्याच्या बटणावर येतंय. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून पाणसळ (रेष आडवी सरळ आहे का ते पाहायचं साधन) तिच्या खिशात असायची आणि सगळी टांगणी तिच्या देखरेखीखाली झाली.

सोबतच्या व्यावसायिक कलाकारासाठी एक नियम करारातच लिहा: मुलं घरी गेल्यावर त्यांच्या कामाला हात लावायचा नाही. रात्री येऊन रेषा "जरा सुधारणं" फार होतं आणि दुसऱ्या दिवशी ते ज्याच्या त्याच्या लगेच लक्षात येतं. काही सांगायचं असेल तर मुलाच्या शेजारी उभं राहून, वेगळ्या कागदावर काढून दाखवा.

मांडणी

मांडणी तिसऱ्या रकान्यात आहे, हे इथे विसरायला होतं. भिंतीचा छोटा नमुना पुठ्ठ्याचा करा, चित्रांचे फोटो कापा आणि गटाला ते हलवत बसू द्या. चित्राचा मध्य साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर ठेवण्याची दालनांची पद्धत आहे. मुलं आणि चाकाच्या खुर्चीतले प्रेक्षक येणार असतील तर दहा-पंधरा सेंटीमीटर खाली घ्या. खुर्ची वळायला १५० सेंटीमीटर मोकळं वर्तुळ लागतं, तेवढी जागा मूर्तीच्या चौथऱ्यांमध्ये सोडा. कागदावरचं आणि जलरंगातलं काम असेल तर प्रकाश मंद, ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आसपास ठेवा, विशेषतः ते मुलांना परत द्यायचं असेल तर.

माहितीपट्ट्या मुलांनीच लिहाव्यात. आधी बोलायला सांगा, रेकॉर्ड करा, मग त्यातलीच वाक्यं उचला. पन्नास-साठ शब्द पुरे, अक्षर मोठं, पार्श्वभूमीशी स्पष्ट विरोध असलेलं. गटाच्या जितक्या भाषा असतील तितक्यांत लावा आणि घरची भाषा खाली बारीक अक्षरात टाकू नका. नाव कसं द्यायचं ते प्रत्येकाने ठरवावं: पूर्ण नाव, पहिलं नाव, टोपणनाव किंवा काहीच नाही.

उद्घाटन आणि मालकी

उद्घाटनात पहिलं बोलणं गटाचं. पाहुणे नंतर, आणि थोडक्यात. कुटुंबांना त्यांच्या भाषेत बोलावणं पाठवा, वेळ त्यांच्या सोयीची ठेवा. बोलायची इच्छा नसलेल्यांनी प्रेक्षकांना हाताला धरून फिरवावं. अनेकांना तेच जास्त जमतं.

मालकीचं आधीच लिहून ठेवा. मूल चित्र काढतं तेव्हा सर्वसाधारणपणे हक्क त्याचेच असतात, ते वयाने लहान असलं तरी. दालनाला चित्र पत्रकावर, टी-शर्टवर किंवा वार्षिक अहवालात वापरायचं असेल तर वेगळी लेखी परवानगी घ्या, किती काळासाठी आणि कशासाठी हे नमूद करून. विक्री होणार असेल तर पैसे कोणाला जाणार हे पहिल्या महिन्यातच ठरवा. सामूहिक चित्र शेवटी कुठे राहणार, हाही प्रश्न तेव्हाच विचारा.

प्रदर्शन उघडल्यानंतर

इथे बहुतेक प्रकल्प विझतात. पैसे संपतात, कलाकार दुसरीकडे जातो, मुलांना कोणी फोन करत नाही. म्हणून पुढचं दार आधीपासून बांधून ठेवा. मिनीॲपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरने १९९६ साली किशोरवयीनांची कायमस्वरूपी परिषद सुरू केली. स्कॉटलंडमधल्या कोल इथल्या प्राथमिक शाळेत १९९४ साली सुरू झालेला 'रूम १३' हा स्टुडिओ तर मुलांनीच चालवला. हिशोब त्यांनी ठेवला आणि निवासी कलाकारासोबतचा (ठरावीक काळ तिथेच काम करायला नेमलेल्या कलाकारासोबतचा) व्यवहारही त्यांनीच पाहिला. दहा-अकरा वर्षांची मुलं चेकबुक सांभाळू शकतात, हे पाहिल्यावर आपल्या गटाला एका भिंतीचं वार्षिक अंदाजपत्रक देण्यात फार धाडस उरत नाही.

मूल्यमापनासाठी हसऱ्या चेहऱ्यांचे फॉर्म टाळा. सत्रागणिक हजेरी नोंदवा आणि कोण कधी यायचं थांबलं ते पाहा. जे गेले त्यांना शक्य तर फोन करून कारण विचारा. राहिलेल्यांकडून कौतुक मिळतं, पण दुरुस्ती गेलेल्यांकडूनच कळते. शेवटच्या सत्रात पहिल्या दिवशीचा तीन रकान्यांचा कागद खाली काढा आणि गटाला विचारा, यातलं काय खरंच तुम्ही ठरवलं? खोटं निघालेल्या ओळींवर त्यांनाच काट मारू द्या आणि तो कागद तसाच अहवालाला जोडा.

प्रदर्शन उतरवण्याच्या दिवशीही गटाला बोलवा. खिळे काढणं, भोकांत पुट्टी भरणं, पॉलिश पेपर फिरवणं, प्रत्येकाचं काम आम्लरहित कागदात गुंडाळून नावाची चिठ्ठी लावणं, हे सगळं त्यांचंच काम आहे. आमच्याकडे त्या दिवशी भिंत घासता घासता त्याच मुलाने, पांढऱ्या भुकटीने भरलेल्या हातांनी, विचारलं, "इथे पुढचं कोणाचं लागणार?" तेव्हा माझ्याकडे सांगायला तारीख होती आणि त्या बैठकीला त्याचं नाव निवड करणाऱ्यांच्या यादीत होतं.